मुठीवरचा डोळा

अण्णा, तुम्ही रंगवलेलं धनुष्य आता लेकीनं मागून घेतलंय. ती शिकारीला जाते, माझ्याच कामावरच्या जुन्या दोस्ताबरोबर. मी मागच्या हिवाळ्यापासून जात नाही. गुडघा दुखतो, असं घरात सांगून ठेवलंय. धनुष्यावरचा रंग जागोजागी उडालाय, खालचं लाकूड उघडं पडलंय, इतक्या वर्षांच्या हाताळण्यानं गुळगुळीत झालंय आणि उन्हात ते लांबून चमकतं. म्हणून परवा तिनं ते गॅरेजमधल्या टेबलावर आणून ठेवलं. दोरी उतरवलेली होती. शेजारी रंगाचे डबे, स्पंजचे तुकडे, पॉलिश पेपर, चिकटपट्टी. लहानपणापासून मी मराठीत बोलतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते, तशीच म्हणाली, "यू डू इट ना, बाबा. डझन्ट हॅव टु बी नीट." आणि माझ्याकडे न बघता गाडी काढून निघून गेली. मी स्टुलावर बसून राहिलो. याच गॅरेजमध्ये, याच धनुष्यासाठी, हेच वाक्य मी तुम्हाला म्हणालो होतो.

पेणच्या कारखान्यातली ती सकाळ मला अजून दिसते. श्रावण संपत आलेला, रंगाचा वास आणि ओल्या गवताचा वास. फळ्यांवर ओळीनं गणपती मांडलेत. पितांबर झालेत, मुकुट झालेत, सोंडेवरची नक्षी झालीय, फक्त डोळे नाहीत. डोळ्यांची आखणी तुमची. तुम्ही पाटावर बसता, खारीच्या केसांचा बारीक ब्रश ओठांनी ओला करून टोक जुळवता, श्वास धरता आणि एका दमात वरच्या पापणीची रेघ ओढता. त्या वेळी कुणी बोलायचं नाही. आई चहाचा पेला हातात धरून दारात उभी राहते, एक जोडी पुरी झाल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही. चहा निवतो, पण तुम्ही त्याबद्दल कधी कुरकुरत नाही. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की म्हणायचात, "डोळे होईपर्यंत माती आहे हो ती. माती घेऊन जायची असेल तर जा."

मग एका वर्षी आई फोनवर म्हणाली, "हल्ली यांना पेला अर्धाच भरून द्यावा लागतो." एवढंच म्हणाली. मला कळायला वेळ लागला. त्या मोसमात आखणी दुसऱ्यांनी केली आणि तुम्ही तयार मूर्तींना वाटेत धक्का लागू नये म्हणून गवत बांधत बसलात, हेही मला नंतरच समजलं. मी तिकीट काढून तुम्हा दोघांना इकडे आणलं. हवापालट, असं सगळ्यांना सांगितलं.

अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात तुम्ही माझ्यासोबत हिंडायचात ते जॅकेटच्या खिशात हात घालून. मेथीची जुडी मी उचलायची, रताळी मी उचलायची. तुम्ही हनुवटीनं दाखवायचात, "ती नको, ती." एकदा तुम्ही म्हणालात, "इथली थंडी बरी आहे रे. खिशात हात घालून हिंडलं तरी कुणाला काही वाटत नाही." मी मेथी निवडतोय असं दाखवून खाली बघत राहिलो. बाकी दिवसभर तुम्ही खिडकीशी बसून असायचात. आई स्वयंपाकघरात रमली, नातीला गोष्टी सांगण्यात रमली. तुम्हाला मात्र काम नव्हतं, आणि कामाशिवाय तुम्हाला कसं बसायचं हेच येत नव्हतं.

तेव्हाच मी ते जुनं धनुष्य विकत घेतलेलं होतं. पेनरोजच्या आमच्या कारखान्यातला तो माओरी दोस्त मला डोंगरात न्यायला लागला होता. पहिल्याच फेरीत त्यानं धनुष्यावरचं पॉलिश बघून कपाळाला हात लावला. "ब्रो, शिकारीला आलायस की आरसा विकायला? हरणं भांग पाडतील त्यात." त्यानंच सांगितलं की यावर जंगलाचे रंग चढवायचे, ठिपके, डाग, धूसर पानं, म्हणजे धनुष्याची कड मोडते आणि झाडीत ते वेगळं दिसत नाही. परतीच्या वाटेवर गाडी चालवताना माझ्या मनात एकच होतं. ज्यात रेघ लागत नाही असं रंगाचं काम सापडलंय.

तुमच्यासमोर धनुष्य ठेवलं आणि म्हणालो, "अण्णा, एवढं रंगवून द्याल? नीटनेटकं नसलं तरी चालेल." तुम्ही आधी धनुष्याकडे बघितलंत, मग माझ्याकडे, जरा जास्तच वेळ. "हरणाला फसवायचं?" "हो." "जन्मभर बघणारे डोळे काढले, आता न दिसणारं धनुष्य काढायचं," म्हणालात आणि हसलात. मला वाटलं, जमलं.

पॉलिश पेपरनं घासून चकाकी तुम्ही स्वतः काढलीत. राखाडी हिरव्याचा हात दिलात. मग स्पंजनं तपकिरी, काळा, मातकट. नात कुंपणाजवळून नेच्याची पानं तोडून आणायची. ती धनुष्यावर दाबून धरायची, वरून रंगाचा फवारा मारायचा आणि पान उचललं की त्याची सावली उरायची. आणि तरी तुमच्या बोटांतली सवय सुटली नाही. सुकल्यावर तुम्ही प्रत्येक पानाला एका बाजूनं उजेड दिलात, एका बाजूनं छाया, पितांबराच्या चुण्यांना देत होतात तशी. दोस्त बघायला आला, तुम्हाला "कीआ ओरा, मटुआ" असा त्यांच्या भाषेत वडीलधाऱ्यांना करतात तो नमस्कार केला, धनुष्य हातात फिरवलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "ब्युटिफुल आहे, ब्रो. पण हे भिंतीवर लाव. हरीण थांबून बघत बसेल." मी तुम्हाला ते बेतानं सांगणार होतो. तुम्ही विचारलंत, "काय म्हणतोय? फार सजवलंय म्हणतोय ना?" आणि दुसऱ्या दिवशी सगळी पानं पुन्हा स्पंजनं मोडून टाकलीत.

मग रोज दुपारी तुमचं एकच. मागच्या फिजोआच्या झाडांच्या कुंपणात मी धनुष्य उभं करायचं आणि तुम्ही दाराशी जाऊन बघायचं. गिऱ्हाईक जिथं उभं राहून मूर्ती बघतं तिथून बघावं, हे तुमचं जुनंच. "दिसतंय." पुन्हा स्पंज. "अजून दिसतंय, वरचा बाहू उठून दिसतोय." एका दुपारी तुम्ही दारात उभे राहिलात, डोळे बारीक केलेत, मान इकडून तिकडे केलीत आणि ओरडलात, "अरे, गेलं की! ठेवलंयस ना तिथं?" आई पळत बाहेर आली. तुम्ही दोन्ही हात खिशातून काढून हवेत नाचवत होतात, थरथरत होते तसेच. तुम्हाला असं हसताना मी त्यानंतर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेजचं दार ढकललं तर तुम्ही पाठमोरे बसलेले. खारीच्या केसांचा तो ब्रश तुम्ही पेणहून बरोबर आणलाय हे मला माहीत नव्हतं. ओठांनी टोक जुळवलंत. श्वास धरलात. धनुष्याच्या मुठीवर वरच्या पापणीची रेघ ओढलीत. मी दारातच थांबलो, आई थांबायची तसा. तुमचा खांदा ताठ झालेला मला दिसत होता. रेघ मला दिसत नव्हती, पण लहानपणापासून पाहिलेल्या हालचालींवरून कळत गेलं: तुम्ही थांबलात, खालची पापणी कशीबशी पुरी केलीत, बुबुळाचा ठिपका दिलात आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिलात. मग डावीकडचा स्पंज उचललात आणि ते सगळं हिरव्याखाली दाबून टाकलंत. मी पावलं न वाजवता परत फिरलो.

चहाच्या वेळी म्हणालात, "झालं तुझं धनुष्य." मी छान झालंय वगैरे म्हणालो. तुम्ही पेला दोन्ही हातांनी धरून खाली ठेवलात. "एक सांगतो. नीटनेटकं नसलं तरी चालेल, असं पुन्हा कुणाला म्हणू नकोस. मी काम करून दिलं असतं. तू ते वाक्य गिळायला हवं होतंस." आवाज चढला नव्हता. आई बशा गोळा करायला लागली.

परत जाताना ब्रश इथंच ठेवलात, खिळ्यांच्या डब्यात. "राहू दे इथं. तिकडे आता कशाला." पुढच्या गणपतींपर्यंत तुम्ही राहिला नाहीत. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलेलं होतं. कारखान्यात ओळीनं मूर्ती होत्या आणि त्यांना डोळे होते. ते बघवलं नाही.

इतक्या वर्षांत माझ्या तळव्यानं मुठीवरचा हिरवा रंग झिजवत नेला आणि तुमचा डोळा हळूहळू वर आला. आधी पापणी, मग बुबुळ. रेघ थरथरलेली आहे, अण्णा, पण तो बघतो. काल मी पेपरनं घासायला बसलो तेव्हा आधी त्याच्यावर चिकटपट्टी लावली. लेक कॉफी घेऊन आली, पट्टीचं टोक उचलून बघितलं. "आजोबा?" "हं." "ओन्ली वन?" "दुसरा राहिला." कॉफीचा मग तिनं अर्धाच भरून आणला होता. तो माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "देन यू डू द अदर वन."

म्हणजे तिला सगळं माहीत आहे. गुडघ्याचं खरं नाही हेही. मीच अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुमचंच ते, उजव्या अंगठ्यापासून सुरू झालंय, दोरी ताणताना. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्हाला सांगितलेलं या घरात कुणाच्या कानावर जाणार नाही.

आज जेवताना तिनं विचारलं, दुसरा डोळा झाला का. मी म्हणालो, अजून नाही, सावकाश करीन. पण सकाळीच काढला, अण्णा, तुमच्याच ब्रशनं, श्वास धरून. आणि मग मीही स्पंज उचलला. तुमच्या डोळ्याशेजारीच आहे तो, हिरव्याखाली, तिची पकड बसेल तिथं.