काँगोची गाणारी गेली

दहिवडी, १२ डिसेंबर १९७५

संध्याकाळी रेडिओवर बातम्यांच्या शेवटी दोन ओळी आल्या. काँगोची ती मोठी गायिका परदेशात वारली. हातातला चहा तसाच निवला.

आमची पलटण तिकडं शांतिसेनेत होती, तेव्हा मी तिला ऐकलं. बाजारात मासे विकता विकता गाणारी पोर, पुढं घराघरांतल्या रेडिओवर पोचली. आमच्या छावणीत आली तेव्हा आधी चपला काढून बाजूला ठेवल्या, मग गायली. शब्द एकालाही कळेना, तरी शेजारी बसलेला शिरपती रडला. "गड्या, ही आपल्या माणदेशाचंच गाती रं," म्हणाला. नंतर कधीतरी ऐकलं, तिथल्या लष्करशहाची स्तुती गायला ती नाही म्हणाली, म्हणून तिला देश सोडावा लागला. आजच्या बातमीत यातलं काही नव्हतं. चपला काढल्याचं तर कोण सांगणार?

शिरपतीला सांगितलं असतं. तो पासष्टच्या लढाईत गेला. माझा मुलगा मुंबईला. शेवटी सुनेलाच सांगितलं.

"आवं मामा, ती तुमची कोण लागत हुती?"

"कुणी न्हाई."

खरंच, कोण होती? तिला तर माझं नावही ठाऊक नव्हतं. पण बसवेना. उठलो, परसात गेलो आणि गार पाण्यानं डोक्यावरून आंघोळ केली. सून धावत आली. अशी अवेळी आंघोळ कधी करतात, ते तिला कळतं.

"मामा, आपल्यातलं कोण गेलं का?"

व्हय म्हणालो.