कटिंगच्या टेबलाची उंची

४ मार्च

चि. चिमीस, अनेक आशीर्वाद.

लेकीकडे मजेत आहे. जन्मात रॅकेट हातात धरली नाही आणि दुखण्याचं नाव म्हणे टेनिस एल्बो. फिजिओबाई म्हणाल्या, इतकी वर्षं कापडावर जड कात्री चालवल्यावर कोपर रुसणारच. त्या गार जेल लावून मशीन फिरवतात, मग हात टेबलाच्या कडेबाहेर काढून छोटं वजन सावकाश खाली सोडायला लावतात. आधी ब्रह्मांड आठवायचं, आता भरली किटली उचलते.

पट्टा बांधून अर्धा दिवस काम करायला त्यांची हरकत नाही. फक्त कटिंगचं टेबल उंच हवं, वाकून हात ताणायचा नाही. आपलं तर माझ्याच मापाने केलेलं आहे. तुलाच, बुटके, चार विटांवर फळी टाकून चढावं लागतं. तर मग दुकानात येऊ का?

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

किटलीचं वाचून जीव भांड्यात पडला. पण घाई कशाला? गिऱ्हाइकं विचारतात, त्यांना सांगते की ताईची जागा ताईचीच. कात्रीला तेल लावून ठेवलंय. दुकान जसंच्या तसं आहे.

मला धास्ती टेबलाची वाटते. ते माझ्याच कमरेला लागतं, तुला तर पार वाकावं लागेल आणि कोपर पुन्हा धरेल. त्यापेक्षा नातवंडांत रम. कटिंगचं मी बघते.

रागावू नको, लोभ ठेव.
तुझी चिमी

१३ मार्च

चिमे,

आशीर्वाद लिहायला घेतले, पण लिहवेनात.

मी निघाले तेव्हा टेबल तुझ्या छातीला लागत होतं. या वयात तू काही उंच झाली नाहीस. म्हणजे त्याचे पाय कापलेस. मी इथे रोज दात आवळून ते वजन धरत होते, ते त्याच टेबलाशी परत उभं राहता यावं म्हणून. आणि माझी पाठ वळताच तू करवत लावलीस, वर जसंच्या तसं म्हणून लिहिलंस. कात्री धरायला मी शिकवलं तुला. सख्ख्या बहिणीने केसाने गळा कापला, हे कोणाला सांगू? मागितलं असतंस तर टेबल दिलं असतं, माझ्यासाठी दुसरं केलं असतं. साधं विचारावंसंही वाटलं नाही तुला. फार लागलं मला.

कोपर बरं आहे. सोमवारी येते. तुझ्या फळीखालच्या त्या चार विटा टाकल्या नसशील तर काढून ठेव. टेबलाच्या पायांखाली लागतील.

ताई