थोरल्याने वाटे करावे, धाकट्याने उचलावे

मामाजी, तुमच्या जमिनीची वाटणी अखेर झाली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मग आजवर का नाही केली, असं तुम्ही विचारलं असतं तर सांगण्यासारखं भांडणही आमच्याकडे नव्हतं. नुसता आळस. दोघे भाऊ मिळून रोवणी करत होते, धान घरात येत होतं, आणि सातबाऱ्यावर मेलेल्या माणसाचं नाव आहे म्हणून चिखलाचं काही अडत नाही. मग तीन वर्षांपूर्वी आमचे हे, तुमचे थोरले, तेही गेले. तरी आम्ही गप्पच. शेवटी या उन्हाळ्यात भाऊजी एका सकाळी चहाला आले आणि म्हणाले, "वहिनी, आपण दोघंही आता पिकली पानं. आपण हाओ तवर हे निपटवून टाकू. पोट्ट्याइले जमिनीचा भाव समजते, जमीन नाई समजत." मी म्हटलं, "तुम्ही पिकले असान. मले अजून दोन-चार वर्षं हिरवी राहू द्या." पण गेलो दोघंही. वारसाची नोंद घेताना तलाठ्याने कागद चाळले आणि हसला, "अजून एक पिढी थांबले असते ना बाई, तर अर्ध्या गावाच्या सह्या घ्याव्या लागल्या असत्या." अर्ज मी आधी पूर्ण वाचला आणि मगच सही केली. मागे रांग लागली होती, तिला थोडं थांबावं लागलं.

वाटणी कशी करायची हे कुणाला विचारायचं नव्हतं, तुमचा नियम घरात मुरलेला आहे. तो मी पहिल्यांदा ऐकला तो दिवस अजून डोळ्यासमोर आहे. मला लग्न होऊन वर्ष झालेलं. तुम्ही तळ्यावरून मोठा मासा आणला आहे, मी चुलीपुढे आहे, आणि तुमची दोन्ही मिशा फुटलेली मुलं मुंडक्यासाठी भांडत आहेत. तुम्ही पाटावरून न उठता म्हणता, "मोठा कापंल, लहाना उचलंल." मग हे विळीवर असे बसले की सोनार बसावा. इकडून बघतात, तिकडून बघतात, मुंडकं कापलं ते अगदी मधोमध, दोन्हीकडे एकेक डोळा. कारण जरा इकडेतिकडे झालं की मोठा तुकडा भाऊजींच्या ताटात. मला हसू आलं आणि मी बोलून गेले, "सख्ख्या भावाइमंदी एवढाही विश्वास नाई का?" तुम्ही माझ्याकडे पाहिलं. "सूनबाई, विश्वास हाय म्हणून तर नियम पायजे. नियम नसला का विश्वासाले रोज कामाले जा लागते." मला तेव्हा तुमचा फार राग आला. सगळ्यांसमोर बोलले म्हणून. तुम्हाला ते कळलं असावं, कारण पुढच्या बाजारी भंडाऱ्याहून येताना तुम्ही रद्दीवाल्याकडून जुन्या मासिकांचा गठ्ठा आणला आणि चुलीजवळ ठेवला. किराण्याच्या पुड्यांचे कागद मी वाचत बसते हे तुम्ही कधी पाहिलं होतं, देव जाणे. "हे चुलीत नोको घालजो, वाचजो," एवढंच म्हणालात. चौथी शिकलेल्या बाईला तुम्ही तिथून पुढे ढकललं, ती अजून थांबलेली नाही.

तर नियमाने वाटे करायचे होते थोरल्याने. ते नाहीत, म्हणून मी. आणि मामाजी, मला तळ्याखालची धानाची बांधी हवी होती. भाव रस्त्याकडच्या तुकड्याला जास्त आहे, हे मलाही समजतं. पण तळ्याखालचे सगळे धुरे, बांध न् बांध, ह्यांनी हाताने उभे केलेले, दरवर्षी धुऱ्यावर तूर लावलेली. शेवटच्या वर्षी दम लागायचा तरी तिथेच बसून पाणी वळवणाऱ्याला सूचना द्यायचे, निम्म्या चुकीच्या. मी आजही त्या धुऱ्यावर जाऊन बसले की मला बोलायला सुचतं. घरात सुचत नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. वाटे करणाऱ्याने आपल्या मनातलं बोलायचं नसतं.

बोलायचं नसतं, पण करता येतं. मी दोन कागद घेतले. एकावर रस्त्याकडचा तुकडा लिहिला. मग त्याच्याच खाली बोअर लिहिली, मोटार लिहिली, गुरांचा कोठा लिहिला, आंब्याची दोन्ही झाडं लिहिली. दुसऱ्या कागदावर तळ्याखालची बांधी, बस. डोकं ठिकाणावर असलेला कोणताही माणूस पहिला कागद उचलणार. मुलगी नागपूरहून फोनवर ओरडली, "आई, तू स्वतःवर अन्याय करून राहिली!" मी म्हटलं, "राहू दे बाई, धाकटे आहेत ते." हे म्हणताना मला स्वतःचं कौतुकही वाटलं, हे लपवत नाही.

उचलायच्या दिवशी अंगणात गावातले चार जाणते बसले, चहा झाला, मी दोन्ही कागद मोठ्याने वाचले आणि पितळेच्या परातीत ठेवले. एक म्हातारा पुटपुटला, "बाईचं मन पाहा." भाऊजी कितीतरी वेळ परातीकडे बघत राहिले. जाऊबाईने त्यांच्या पाठीत कोपर मारलेलं मी पाहिलं. मग ते डोळे पुसत म्हणाले, "ज्या वहिनीनं माह्यासाठी एवढं काढून ठेवलं, तिच्या तोंडचं मी घेऊ? मी माणूस हाओ का राक्षस?" आणि त्यांनी दुसरा कागद उचलला. तळ्याखालची बांधी! लोकांनी वाहवा केली. मी रस्त्याकडचा तुकडा, बोअर, मोटार, कोठा आणि आंबे घेऊन उभी राहिले, आणि लोकांना वाटलं मी आनंदाने रडते आहे.

दोन दिवसांनी जाऊबाई आली, वाल सोलत बसली आणि सोलता सोलता फुटली. "ताई, मले रोडवर किराण्याचं दुकान टाकायचं होतं. ह्या माणसानं मोठेपणाच्या नादात सारं घालवलं. घरी आल्यापासून असा चालते, जसा गावाले जेवण घालून आला." मी हसले, आणि मग मला थांबताच येईना, आणि मग सांगून टाकलं. ती सोलायचं थांबली. "म्हणजे तुमाले तळ्याखालची पायजे होती? मंग बोलले काहून नाई?"

"वाटे करणाऱ्यानं बोलायचं नसते."

"आन् असं गूळ लावून ठेवायचं असते?"

मी तिच्या पुढ्यातले वाल उचलून सोलायला लागले. तिने घरी जाऊन सांगितलं, आणि भाऊजी त्याच पावली आले. बसले नाहीत. "वहिनी, तुम्ही मले लालची समजल्या." आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. मी समजलेच होते, मामाजी. माझा सगळा हिशेब त्यांच्या हावरेपणावर उभा होता, आणि तो त्यांच्या मनाने उलटवला. पंचेचाळीस वर्षं ज्याला वाढलं त्याला मी एवढंच ओळखलं. मी म्हटलं, "चुकलं भाऊजी." ते गेले. चार दिवस दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीला दार नसल्यासारखं होतं. मोहाडीला तहसीलमध्ये सह्यांसाठी जायचा दिवस जवळ आला. बांधी तर हातची गेलीच होती, पण त्या चार दिवसांत मला बांधीपेक्षा भाऊजींच्या सकाळच्या चहाची काळजी जास्त लागली.

पाचव्या दिवशी आले. हातात दोरी. "या खेपेले वाटे मी करतो. उचला तुम्ही." मी म्हटलं, "मामाजींचा नियम उलटा होते." ते म्हणाले, "बाबा असते तर त्यायनं तुमचा कान धरला असता, नियम नंतर." मग दोन दिवस उन्हात टोपी घालून त्यांनी स्वतः माप घेतलं. बोअर आणि मोटार रस्त्याकडेच ठेवली, कारण बोअर काही उचलून नेता येत नाही, त्याच्या बदल्यात तळ्याच्या वाट्याला कोठा जोडला आणि आंब्यांचं फळ दोन्ही घरांत अर्धं-अर्धं. इतकं सरळ की मला विळीवर बसलेले हे आठवले. पुन्हा चार माणसं, पुन्हा चहा. जाऊबाई दारात उभी, पदराचं टोक दातात.

सगळं झालं. सह्या झाल्या. दुकानाचा पाया पडतो आहे, आणि सकाळचा चहा सुरू आहे. पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून एक सांगून टाकते. परात समोर आली तेव्हा रीत म्हणून तरी मी एकदा म्हणायला हवं होतं, की भाऊजी, राहू द्या, आधी तुम्ही घ्या. चारचौघांत शोभलं असतं. मी म्हटलं नाही. त्यांनी परात खाली टेकवायच्या आत मी तळ्याखालचा कागद उचलला होता.