दुसऱ्या गिअरचा झटका आणि आर्डिथचा खुबा

ड्राय क्रीक, नेब्रास्का
रविवार, चर्चमधून आल्यावर

आदरणीय मेहुणे व्हर्जिल यांस,

लायल हॉर्नबेकचा टोपी काढून नमस्कार. (ही टोपी मी चर्चमध्ये, जेवणाच्या टेबलावर आणि तुमच्यासमोर एवढ्या तीनच ठिकाणी काढतो, हे तुम्ही जाणताच.) तुमचा गुडघा कसा आहे? लिंकनला पाऊस झाला का? आमच्याकडे थेंब नाही. गुरं मजेत आहेत. मीही बरा आहे, म्हणजे ज्याची बायको पाच आठवडे भावाकडे राहिली आहे तो माणूस जितका बरा असू शकतो तितका. फोनवरच बोललो असतो, पण फोन आर्डिथ उचलते. तिचा आवाज ऐकला की मी हवामान सांगतो, ती हवामान ऐकून घेते आणि आम्ही दोघं फोन ठेवतो. हवामान आता सांगून संपलं, म्हणून पत्र.

त्या दिवसाची तिची बाजू तुम्ही पाच आठवडे रोज नाश्त्याला ऐकली असेल. माझी बाजू अशी. डॉक्टरनं खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर तिला घरी सोडताना मला बजावलं होतं की हिला झटका बसता कामा नये. मी मान हलवली. आमचा पिकअप ट्रक धुऊन आणला होता, सीटवर घोंगडी अंथरली होती. पण ट्रक पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाताना मागून कोणी लाथ घालावी तसा हिसका देतो, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. नऊ वर्षं गुरांचा ट्रेलर ओढणाऱ्या माणसाला त्याचं काही वाटेनासं होतं. आणि लिंकनमधून बाहेर पडेपर्यंत तुमच्या शहरानं किती सिग्नल लावलेत हो! प्रत्येक सिग्नलला थांबा, निघा, लाथ. थांबा, निघा, लाथ. वाटेत स्यूअर्ड गावी पेट्रोल भरायला थांबलो तर ही स्वतः वॉकर काढून खाली उतरली आणि म्हणाली, "लायल, तू जा पुढं. मी दादाला बोलावलंय." तुम्ही अर्ध्या तासात आलात, तेही दोन उश्या घेऊन. त्या उश्या पाहून मला जे वाटलं ते मी इथं लिहीत नाही, कारण कागद चर्चचा आहे.

तेव्हाच ठरवलं की ट्रक दुरुस्त करायचा, आणि तिला त्याच ट्रकमधून घरी आणायचं. आता आपल्याकडे ट्रक थेट गॅरेजात नेणं म्हणजे धान्य सोसायटीतल्या सकाळच्या कॉफीच्या टेबलावरून आपणहून कायमचं उठून जाणं. त्यामुळे आधी टेबलापुढं प्रकरण ठेवलं. सगळ्यांनी आळीपाळीनं ट्रक कोठाराभोवती फिरवून आणला. एकाला इंजिनाखालचे रबर गेल्याचं कळलं, एकाला मागच्या दांड्याचा सांधा. एकानं डोळे मिटून नुसतं ऐकलं आणि सांगितलं की ट्रक विकून टाक. (त्याला तो हवा आहे, दोन वर्षं झाली मागतोय.) शेवटी माझा शेजारी ओरिन श्मिट म्हणाला, "अरे लायल, तेल तरी बघितलंस का?"

"मागच्याच महिन्यात बदललं की."

"इंजिनचं नव्हे रे बाबा! गिअरबॉक्सचं. ऑटोमॅटिक असला म्हणून काय देवाच्या भरवशावर चालतो?"

व्हर्जिल, नऊ वर्षांत मी त्या तेलाकडं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. गिअर आपले आपण पडतात, तर बाकीचंही आपलं आपण होत असेल अशी माझी समजूत होती.

मग ओरिन आणि मी माझ्या शेडमध्ये कामाला लागलो. तेलाची पट्टी ओढली तर तेल खुणेच्या कितीतरी वर. ओरिन म्हणाला, "हे बघ, जास्त झालंय, म्हणून लाथा घालतोय." आम्ही खाली घुसून बादलीभर काढलं. (त्यातलं बरंचसं ओरिनच्या शर्टाच्या गळ्यातून आत गेलं. त्याची बायको अजून माझ्याशी बोलत नाही.) नंतर कळलं की ही पट्टी इंजिन गरम करून, चालू ठेवूनच बघायची असते. बंद इंजिनात सगळं तेल खाली उतरून बसतं आणि पट्टी खोटं बोलते. म्हणजे आधी तेल बरोबर होतं, ते आता कमी झालं. दुसऱ्या दिवशी ट्रक लाथ घालायच्या आधी थोडा विचार करू लागला. इंजिन ओरडायचं, गाडी जागेवर, आणि मग एकदम अशी उडी की माझी टोपी मागच्या काचेवर. तेव्हा तेल पुन्हा भरायचं ठरलं. दुकान एकोणीस मैलांवर, आणि शेडमध्ये समोरच ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक तेलाची पिवळी बादली. तिच्यावर लिहिलेलं होतं की सर्व कामांसाठी उपयुक्त. आपल्या भागात त्या बादलीतून काय काय होत नाही? फाटकाच्या बिजागरीला तेच, कुऱ्हाडीच्या दांड्याला तेच. ओरिनचे वडील ते बुटांना लावायचे. आम्ही भरलं. दोघांनी समाधानानं हात पुसले.

पुढचं थोडक्यात सांगतो. तालुक्याच्या गावी ट्विला कुचेरा नावाची बाई फक्त गिअरबॉक्सचंच काम करते, तिच्या दारात मी ट्रक नेला. म्हणजे ओढून नेला, कारण त्या पिवळ्या बादलीनंतर तो जागचा हलेना. ओढणारा ट्रॅक्टर ओरिनचा, आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकानं स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून आम्हाला रीतसर नमस्कार केला, त्यामुळे दुपारपर्यंत टेबलाला सगळी बातमी. ट्विला पन्नाशीची आहे, बोलते कमी. तिनं पट्टी ओढली, तेल दोन बोटांत चोळलं, हुंगलं आणि मला विचारलं, "तुमचा ट्रॅक्टर कुठल्या रंगाचा आहे?" मी म्हटलं हिरवा. ती म्हणाली, "मग त्याचं तेल त्यालाच द्या." तिनं ते सगळं धुऊन काढलं, योग्य ते भरलं, गाळणी बदलली. मग एक डबीसारखं यंत्र जोडून ती मला म्हणाली, चला, चालवून दाखवा. मी आपला ट्रक कसा वागतो हे तिला समजावतोय, आणि बाई रस्त्याकडे बघत नाही, यंत्राकडे बघत नाही, माझ्या उजव्या बुटाकडे बघते! दोन मैलांनी म्हणाली, "दाब सांभाळणारी एक झडप अडकतेय, ती बदलते. पण बाकीचं या गिअरच्या पेटीनं तुमच्याकडून शिकलंय."

मी विचारलं, शिकलंय म्हणजे काय? तर म्हणे या गाड्यांत एक मेंदू असतो, तो चालवणाऱ्याचा पाय बघून गिअर कसे टाकायचे ते हळूहळू ठरवतो. "नऊ वर्षं तुम्ही त्याला वासराला काठीनं ढोसतात तसं ढोसलंत. तो म्हणाला, मालकाला असंच आवडतं." मी म्हटलं, बाई, माझ्या ट्रेलरमध्ये बारा कालवडी असायच्या. ती म्हणाली, "त्या दिवशी सीटवर कोण होतं?" तिला आर्डिथचं कोणी सांगितलं होतं कोण जाणे. मला खरंच वाईट वाटलं. मी बाहेर जाऊन तिच्या कुत्र्याशी थोडा वेळ बोललो.

झडप बदलून तिनं त्या मेंदूतलं सगळं पुसून टाकलं आणि एका पुठ्ठ्यावर मला लिहून दिलं: शंभर मैल, हलका पाय, प्रत्येक गिअर सावकाश चढू द्यायचा, थांबतानाही लांबून थांबायचं. जे आता शिकवाल तेच राहील. मी आर्डिथचा केक भाजायचा काठाचा तवा काठोकाठ पाण्यानं भरला आणि तिच्या सीटवर ठेवून निघालो. पहिल्या दिवशी पहिल्याच वळणाला तवा रिकामा आणि माझी विजार अशी भिजली की पोस्टात शिरता येईना. दुसऱ्या दिवशी निम्मं पाणी उरलं. सातव्या दिवशी मी गावातून आरपार गेलो आणि परत आलो, तव्याबाहेर एक थेंब नाही! सांगायला कोणी नव्हतं, म्हणून गाईंना सांगितलं.

पण लायल हॉर्नबेक ताशी वीस मैलांनी चाललाय, हे ड्राय क्रीकनं चाळीस वर्षांत पाहिलेलं नाही. तिसऱ्या दिवशी शेरीफच्या डेप्युटीनं मला बाजूला घेतलं आणि हसून दाखवा म्हणाला. मी विचारलं, का? तर म्हणाला, "दोन्ही हात वर करा काका, आणि आजचा वार सांगा." त्याला वाटलं मला अर्धांगाचा झटका आलाय. (मी म्हटलं, झटका जावा म्हणूनच तर चाललंय हे सगळं. त्यानं ते वहीत लिहून घेतलं.) चौथ्या दिवशी चर्चच्या बायका आल्या. त्यांनी हिशेब केला होता: आर्डिथ महिनाभर दिसत नाही, लायल प्रेतयात्रेच्या वेगानं गाडी चालवतो आणि बाजूच्या सीटकडे बघत बघत चालवतो. ओव्हनमध्ये भाजलेल्या नूडल्सची सात भांडी आली, त्यातली पाच टूना माशाची. पाद्रीबाबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. मी ओरडून सांगितलं की ती जिवंत आहे, लिंकनला आहे! त्यावर त्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी आठवं भांडं आलं. आपल्याकडे मरणाला सात आणि बायको सोडून गेली तर आठ, हे मला नव्यानं कळलं.

असो. ट्रक आता लोण्यासारखा चालतो. एवढंच कळवायचं होतं. गुडघ्याला जपा.

आपला,
लायल

ता. क. भांड्यांच्या तळाला चिकटवलेली नावं मी धुताना निघून गेली. कुठलं भांडं कोणाचं, ते आर्डिथ नुसत्या काठावरून ओळखते. जमल्यास विचारा.

ता. क. २. वर मी सगळं ट्रकवर ढकललं आहे, ते पुन्हा वाचून पाहिलं. स्यूअर्डच्या अलीकडे ती दोनदा म्हणाली होती, "लायल, दुखतंय." मी म्हटलं, "ट्रकला काही झालेलं नाही, तुला सगळंच जास्त लागतं." ती उतरली ती त्या वाक्यावर. तिनं हे तुम्हाला सांगितलं नसेल, कारण ती माझी लाज राखते. म्हणून मी सांगतो.

ता. क. ३. व्हर्जिल, तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे आणि बारीक अक्षर दिसत नसल्यानं टपाल आर्डिथच तुम्हाला वाचून दाखवते, हे मला ओरिनच्या बायकोकडून कळलं. (ती बोलत नाही, पण ओरिनला सांगते.) तेव्हा आर्डिथ, इथून पुढं मोठ्यानं वाचू नकोस.

मी शनिवारी दहा वाजता येतोय. घरी यायलाच पाहिजे असं नाही. दादाच्या गल्लीच्या टोकापर्यंत माझ्याबरोबर ट्रकमध्ये बस फक्त. कुठं दुखलं तर सांग, मी तिथंच थांबेन आणि विचारेन, कुठं दुखतंय. हे मी तुला पूर्वी कधी विचारलं नाही. गाईंना विचारून पाहिलंय, जमतं.

व्हर्जिलना सांग, शेवटी पुन्हा भांड्यांचंच विचारलंय.