मूळ त्यांचं, भोपळा आमच्याकडे

ती. मावशीस,

सा. न. तुझ्या गुडघ्यांनी तुला पुन्हा शेतात जायची परवानगी दिली असेल, अशी आशा आहे. आम्ही सर्व ठीक. (माझी मान सोडून. कारण पुढे येतच आहे.)

आमच्या इमारतीच्या आर्किटेक्टबाईंबद्दल मी मागे बरंच वाईटसाईट लिहिलं होतं, ते सगळं मागे घेतो. तळमजल्याला मातीचे वाफे, तिथून गच्चीपर्यंत तारा आणि प्रत्येक स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर रुंद फळी (जिथे मला एसी बसवायचा होता!). "जे खाता ते उगवताना दिसू दे की," असं त्या म्हणाल्या, तेव्हा सभेत मीच सर्वांत मोठ्याने हसलो होतो. मग आमच्या खाली राहणाऱ्या दंतवैद्यांनी वाफ्यात बी टोचलं, वेल तारेवरून थेट आमच्या खिडकीत आली आणि फळीवर फूल उमललं. फुलामागे सुपारीएवढी गाठ. मावशी, ती गाठ फुगत फुगत भोपळा झाली! मी बघत बसायचो आणि मागे चहा उतू जायचा. भोपळा मी जन्मभर खाल्ला, शाळेत अनेकदा मिळवला, पण होताना कधी पाहिला नव्हता. देवाशप्पथ, अंगावर काटा आला.

आता मूळ त्यांचं, फळ आमच्याकडे. आणि आमच्या मोरीचं पाणी त्यांच्या छतातून गळल्यापासून आमचं बोलणं बंद. (ते जिन्यात दिसले की मी चपलेचा पट्टा नीट करायचो.) भोपळा जड झाला, तेव्हा लग्नातल्या पँटचा एक पाय कापून मी त्याला झोळी केली. (हिला अजून सांगितलेलं नाही.) ती बांधताना माझी मान तारांत अडकली. दंतवैद्यांनी खालून पाहिलं, धावत वर आले आणि तारा फाकवून मला सोडवलं. "आ करू नका, मान वळवा," एवढंच म्हणाले. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते भोपळा बघायला येतात. आम्ही दोघं खिडकीशी उभे राहतो, चहा होतो, गळतीचा विषय निघत नाही.

हिने मात्र सुरी काढून ठेवली आहे. कापायचा की नाही, हा निकाल सर्वानुमते तुझ्यावर सोपवला आहे.

तुझा
भाचा

ता. क. देठ वाळलाय, सालीत नख शिरत नाही. पिकलाय, हे मलाही कळतं. तरी तू हिला कळव की अजून कोवळा आहे. भोपळा कापला, तर दंतवैद्य कशाला वर येतील?

ता. क. २. काल त्यांनी स्वतः टिचकी मारून पाहिली आणि हिला गंभीरपणे सांगितलं, "वहिनी, अजून महिनाभर तरी नको." एवढा शिकलेला माणूस, पण भोपळ्यातलं काही म्हणजे काही कळत नाही बघ!