बपेऱ्याच्या बोडीतला पिवळा पतंग

९ सप्टेंबर २०१४

हेमराजने मोबाईलवर फोटो पाठवला. नखाएवढा पिवळा पतंग, बपेऱ्याच्या बोडीत, म्हणजे गावच्या तळ्यात, आपोआप उगवणाऱ्या देवधान या रानभातावर बसलेला. "मॅडम, हे कोनतं फुलपाखरू होय जी?" फुलपाखरू म्हणे! तीन वर्षं मी याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. आता हा तिथल्या शाळेत मास्तर आहे. पोरांचं कठीण आहे.

पण मागच्या पंखाच्या कडेला काळ्या ठिपक्यांची रांग दिसली आणि मी ताडकन उठले. हा पतंग आपल्याकडे एकदाच सापडलाय. जिल्हा फुटला तेव्हा ती जागा गोंदियात गेली, म्हणजे भंडाऱ्याच्या यादीत तो नाहीच. नुसत्या फोटोवर कोणी विश्वास ठेवत नाही. नमुना पकडायचा, पोट उघडून तपासायचं, की पहिली नोंद माझी.

हेमराजला कळवलं — काही विशेष नाही रे, धानाची पानं गुंडाळणाऱ्या अळीचाच पतंग. खरं सांगितलं असतं तर यानेच पकडून नागपूरला तज्ज्ञांकडे पाठवला असता. मग पेपरात फोटो त्याचा!

१० सप्टेंबर

धो धो पाऊस. रविवारी जाईन.

१४ सप्टेंबर

बोडीत देवधानाची एक काडी नाही. हेमराजने गावात सभा घेतली. ही अळी देवधानावर वाढते, मग धानावर उतरते, असं सांगितलं — माझं नाव घेऊन. लोकांनी देवधान उपटलं, काठाकाठाने औषध फवारलं.

बोडीत मासे पाळणारी रुखमाबाई मेलेले मासे टोपल्यात भरत होती. "मास्तर म्हने तुमी सांगतलं. काहून सांगतलं बाई असं?" धान महत्त्वाचं, म्हटलं. ती परत टोपल्याकडे वळली.

संताप झाला. माशांसाठी नाही, पतंगासाठी. आणि हेमराजचा! इतकं कोणी ऐकतं का?

१७ सप्टेंबर

माझ्या माहेरी, अड्याळला, बोडीत देवधान आहे. या रविवारी तिथे. कोणाजवळ चकार शब्द काढायचा नाही.

२० सप्टेंबर

बपेऱ्यात माझा सत्कार. शाल, नारळ. हेमराज माईकवर गहिवरला, "मॅडम नसत्या तं औंदा धान गेलंच होतं जी." मी हात जोडून हसत राहिले. रुखमाबाई आली नव्हती. बरंच झालं. नारळाची चटणी केली.

२१ सप्टेंबर

निघायच्या आधीच हेमराजचा फोन. "मॅडम, तुमच्या अड्याळलेच आलो जी. आमी मास्तरायनं गावं वाटून घेतले. साऱ्या जिल्ह्यातला देवधान उपटून राहिलो." खरं काय ते निदान फोनवर तरी सांगता आलं असतं. मी म्हटलं, शाबास.