तेवीस तासांचा हातमोजा

५ जानेवारी

"जरा आवळतोय गं." घातल्या घातल्या दादाची तक्रार! आवळायलाच शिवलाय, म्हटलं. वीस वर्षं इस्पितळाच्या या विभागात भाजलेल्यांचे दाबाचे कपडे शिवतेय. 'ताई, अगदी बरोबर बसला' म्हणणारा अजून जन्माला यायचाय. बाहेरच्या शिंप्याकडे लोक कपडे तंग करून मागतात, माझ्याकडे सैल.

पट्ट्या सुटल्या, नवी कातडी धरली, की घरच्यांना वाटतं संपलं. खरं तर तिथून सुरू होतं. वरून दाब नसला की व्रण फुगतो, ताठतो, बोटं आत ओढून घेतो. म्हणून हा हातमोजा. दिवसाचे तेवीस तास, निदान वर्षभर. उरलेला एक तास धुण्यासाठी आणि कुरकुरण्यासाठी.

दादा म्हणतो, "मोठी साहेबीण झालीस!" झाले. कोणीतरी व्हायलाच हवं. स्वतःच्या सलूनमध्ये उकळतं पाणी स्वतःच्याच उजव्या हातावर ओतून घेणाऱ्या माणसाला धाकटी का होईना, एक बहीण शहाणी हवी.

१२ जानेवारी

वहिनीने भर ओपीडीत मोठ्या सरांना विचारलं — कातडी मांडीची लावलीत, मग हातावर मांडीचे केस येणार का? सर 'नाही' म्हणायच्या आत दादा, "आले तर मीच कापीन. मला कुठे न्हावी शोधायचाय!" सगळी रांग हसली. सर हसले. मला काही हसू येईना. विनोद सुचतात, व्यायाम सुचत नाहीत!

२ फेब्रुवारी

वहिनीला फोन. "घालतात होऽऽ." तिने 'हो' असा लांबवला की समजावं — नाही.

९ फेब्रुवारी

आज पकडलं! पाच आठवडे वापरलेला हातमोजा पिवळट पडतो, त्याला तेलाचा वास येतो. दादाचा कसा? नवरीच्या शालूसारखा कोरा. तळव्यापाशी मात्र ढिला. मी बोटांच्या बेचक्या पाहिल्या — ताणाची एक रेघ नाही. विचारलं, हे कशावर चढवून ठेवत होतास? आधी आढ्याकडे पाहिलं. मग, "पावडरच्या डब्यावर." पन्नाशीचा माणूस! पावडरच्या डब्यावर!

सरांनी हात उलटसुलट पाहिला. करंगळीशेजारचं बोट आत वळायला लागलंय. "सहा आठवडे देतो. सरळ झालं नाही तर व्रण कापून मोकळा करावा लागेल. मग कात्री धरता येईलच, असं मी सांगत नाही."

दादाची कात्री त्याच बोटात असते. त्या बोटात आणि अंगठ्यात. बाकीची तीन बोटं नुसती सोबतीला.

मी बोलायला लागले ते थांबलेच नाही. रांगेसमोर, नर्ससमोर, वॉर्डबॉयसमोर. आळशी म्हटलं, ढोंगी म्हटलं. दुसऱ्यांच्या घरची मुलंसुद्धा तुझ्यापेक्षा गुणी आहेत, म्हटलं. गिऱ्हाइकाच्या डोक्याशी दिवसभर गप्पा मारणारा माणूस — हातमोजा खिशात घातला आणि गेला.

१० फेब्रुवारी

बरं झालं बोलले.

२ मार्च

हातमोजा थोडा पिवळा पडलाय. म्हणजे ओरडण्याचा उपयोग होतो. बोट मात्र होतं तिथेच. सर म्हणाले, "उशिरा सुरुवात केली." मी दादाकडे असं पाहिलं की त्याने खुर्ची बदलली.

२३ मार्च

संपले सहा आठवडे. गुरुवारी ऑपरेशन. पुन्हा कापणं, पुन्हा मांडीची कातडी, पुन्हा सगळं पहिल्यापासून. आणि हे सगळं कशासाठी? एक साधा हातमोजा हातात ठेववत नाही म्हणून! अशा माणसांसाठी डोळे फोडून शिवायचं.

२४ मार्च

न कळवता सलूनवर गेले. म्हटलं, बघूच याचे तेवीस तास.

दादा बाकावर बसून कारागिराला शिकवत होता, "कानामागून घे, कानामागून." हातमोजा घातलेला. मला पाहिलं आणि हात टॉवेलखाली घातला. मी टॉवेल ओढला. हातमोज्यातून बाहेर आलेली बोटांची टोकं — शाईत बुडवल्यासारखी निळी.

वहिनी डबा घेऊन आली होती, तिला राहवलं नाही. "वन्सं, अर्ध्या तासात अशी होतात. मग बधीर. आधी काढून ठेवायचे. तुम्ही बोललात त्या दिवसापासून दात-ओठ खाऊन घालतात. मला सक्त ताकीद — तिच्या शिवणात खोट काढायची नाही, सगळा विभाग तिच्या हातावर भरवसा ठेवतो."

"तू गप्प बस," दादा तिला म्हणाला. मग मला, "शिवण उत्तम आहे गं. माझीच बोटं जाड."

हातमोजा मी तिथेच कापून काढला. त्याच्याच कात्रीने.

२५ मार्च

नोंदवही काढली. मापातून पाचवा हिस्सा वजा करून कापड कापायचं, तेव्हा दाब बसतो. दादाचं माप व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्टबाईंच्या अक्षरात आहे. शेजारी बाईंनी स्वच्छ लिहिलंय — 'वजा केले आहे.' मी ते न वाचता पुन्हा वजा केलं.

प्रत्येकाचं माप मी स्वतः घेते. दादाच्या वेळी बाईंना पाठवलं. हातात खूप काम आहे, असं सगळ्यांना सांगितलं होतं.

काम काहीच नव्हतं. त्याचा तो हात मला बघवत नव्हता.